सव्वीसपर्यंत

शालिकराम घोरतो तेव्हा मी मोजत नाही.
थांबतो, तेव्हा मोजते.
अकरा, बारा, तेरा...
एकदा सव्वीसपर्यंत गेले,
मग त्यानं असा हिसका देऊन श्वास ओढला
की बाजेखालचं मांजर पळालं.

दिवसभर जळालेल्या मोटरी भरतो हा माणूस.
नुसत्या वासावरून सांगतो कोणती कॉइल गेली.
रात्रीचं स्वतःचं मात्र ऐकू येत नाही.
"मी कायले घोरतो? तुलेच झोप नाही येत."
आणि दुपारी दुकानात बसल्या बसल्या पेंगतो,
हातात तांब्याची तार तशीच.

नागपूरला विचारलं. एका रात्रीचे नऊ हजार.
डोक्याला तारा, परकी गादी, एसी.
तो म्हणाला, "तिथं मले झोपच नाही येनार,
मंग मोजनार काय, बाप्पा?"
यावर मला उत्तर सुचलं नाही.

साकोलीहून भाची आली, कुंदा, आयटीआयची.
परकराचं इलॅस्टिक, साबणाची डबी,
फुटक्या मोबाइलची बॅटरी,
आणि कोरोनापासून ग्रामपंचायतीच्या कपाटात पडलेली
बोटाला लावायची चिमटी.
डबीतलं डाग देणं शालिकरामनंच केलं, नाक मुरडत.
"मोटरीपेक्षा सोपं हाय हे."

कुंदानं सगळा नकाशा खुला ठेवला:
घ्या, करा, चुका काढा.
मेळघाटातल्या एका मास्तरानं काढली.
तुमचा पट्टा बाजेची करकरही श्वास म्हणून मोजतो.
आम्ही त्याला कधी पाहिलं नाही.
त्याची दुरुस्ती आता आमच्या डबीत राहते.

अकरा घरांनी आपापल्या रात्री दिल्या.
नावं नाहीत, नुसते आकडे.
समाजमंदिरात पांढऱ्या चादरीवर रेघा उमटल्या
आणि दिसलं,
सोमवार ते बुधवार गाव झोपतच नाही.
साडेबाराला थ्री फेज येते, उन्हाळी धानाला पाणी,
पुरुष बांधावर, बाया दाराकडे कान देऊन.
प्रत्येकाला आपापलं माहीत होतं.
सगळ्यांचं एका चादरीवर कधी पाहिलं नव्हतं.

आणि सात नंबर.
रोज दोन ते चार जाग. वीज असो नसो.
कोणी काही बोललं नाही.
गाव बत्तीस चुलींचं,
आकड्याला तोंड फुटायला कितीसा वेळ?
निर्मला हटवारनं पदर सारखा केला
नि उठून गेली.

संध्याकाळी कुंदा तिच्या ओसरीवर, रडकुंडीला आलेली.
"काकू, तुमच्या रात्री काढून टाकते. सगळ्या."
निर्मला तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.
"काढ. पन त्यायचा एक कागद मले दे.
मले वाटे, जागरन माह्या मनाचा भासच हाय."

आता घरांचे आकडे कुणाला सांगत नाही,
चादरीवर फक्त सगळ्यांची मिळून रेघ.
तोच कागद वीज कार्यालयात नेला.
साहेबांनी उलटसुलट पाहिला.
म्हणाले, आमच्या फॉर्ममध्ये झोपेचा रकाना नाही.

शालिकरामनं स्वतःची रेघ पाहिली
दुकानातल्या दिव्याखाली, जळकी मोटर पाहावी तशी.
बराच वेळ.
"हे त फेज तुटल्यावानी दिसते."
तालुक्याच्या डॉक्टरनं त्या रेघेवर बोट ठेवून
नागपूरची चिठ्ठी दिली.
नऊ हजार अजून नऊ हजारच आहेत,
पण कशासाठी, ते तरी त्याला पटलंय.
तोवर बनियनच्या पाठीला रबरी चेंडू शिवलाय मी,
उताणा झाला की शिव्या देत कुशीवर वळतो.

मी मोजते अजून. सवयच ती.
पट्टा आता माझ्याही पोटाला आहे.
परवा मोजता मोजता नवावर
मीच झोपले.
डबीत आहे ते.
पाहायचं असेल तर पाहा.